‘विष आढळून आले नाही’ म्हणजे नेमके काय? प्रयोगशाळेच्या अहवालातली शोधमर्यादा समजून घ्या

‘मृत्यूचे कारण स्पष्ट झाले नसून व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ ग्रामीण भागातल्या आकस्मिक मृत्यूच्या बातमीत हे वाक्य हमखास असते. पुढे काय होते ते बातमीत क्वचितच येते. बरण्या सील होतात, पोलीस शिपाई त्या घेऊन प्रयोगशाळेत जातो, पोच घेऊन परत येतो आणि घरचे लोक वाट बघत बसतात. बऱ्याच दिवसांनी एक कागद येतो. त्यावर बहुतेकदा एकच ओळ कामाची असते : तपासणीत विष आढळून आले नाही.

या एका ओळीवरून गावात दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणतात, ‘बघा, विष नव्हतंच.’ दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ‘अहवाल दाबला.’ खरे तर त्या ओळीत या दोन्हींपैकी काहीच लिहिलेले नसते. तिचा अर्थ इतकाच, की दिलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने, त्या पद्धतीला दिसू शकेल एवढ्या प्रमाणात, ज्या विषांचा शोध घेतला ती सापडली नाहीत. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ‘त्या पद्धतीला दिसू शकेल एवढ्या प्रमाणात’ या भागाला रसायनशास्त्रात शोधमर्यादा म्हणतात.

वाकोल्याच्या शेजारची प्रयोगशाळा

मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला वाकोला आहे. महामार्गावरून वाकोल्याला उतरून हंसभुग्रा मार्गाने कलिन्याकडे निघाले की विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसराजवळ न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय लागते. पोलिसांच्या बोलण्यात ते नुसते ‘कलिना’ असते. ‘व्हिसेरा कलिन्याला पाठवलाय’ असे हवालदार म्हणतो, तेव्हा तो याच जागेबद्दल बोलत असतो. कोकणपट्टीतल्या अनेक तालुक्यांच्या बरण्या वर्षानुवर्षे इथेच येत आल्या आहेत. राज्याच्या इतर भागांसाठी नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

हे काम जुने आहे. इंग्रजांच्या काळात मद्रास, कलकत्ता आणि आग्रा इथे सरकारी रासायनिक परीक्षकांची कार्यालये निघाली आणि त्यानंतर १८७० मध्ये मुंबईत. तेव्हाचे मुख्य काम सोमल आणि धोतरा ओळखण्याचे होते. आजही या अहवालाला लोक ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

विष सापडले नाही, तरी शिक्षा झाली

‘आढळले नाही’ या शब्दांवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला सर्वांत गाजलेला खटला मराठी माणसांचाच आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई. घरची इस्टेट बऱ्यापैकी, आणि प्रकृती बरी नसायची, मधुमेह होता. त्यांच्याच वाड्यात भाड्याने राहणारे डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्यावर उपचार करत. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणून लागू त्यांना रात्रीच्या पॅसेंजर गाडीने घेऊन निघाले. गाडी पहाटे मुंबईला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांना खोट्या नावाने दाखल करण्यात आले. १३ नोव्हेंबरला दुपार होण्याआधीच त्या गेल्या. नातेवाइकांना कोणी कळवले नाही. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिले. शवविच्छेदन झाले ते बऱ्याच दिवसांनी.

व्हिसेरा मुंबईच्या सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे गेला. उत्तर आले : विष आढळले नाही.

इकडे लक्ष्मीबाईंच्या नातेवाइकांना पत्रे येत राहिली, की बाईंनी दुसरे लग्न केले आहे, त्या दूर कुठेतरी सुखात आहेत, शोध करू नका. पत्रे बनावट होती. बाईंचे शेअर्स आणि बँकेतले पैसे दरम्यान डॉक्टरांकडे वळत होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने लागूंना फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अपील फेटाळले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा : रासायनिक तपासणीत विष सापडले नाही म्हणजे विष दिलेच नाही असे ठरत नाही, डॉक्टरला अशी औषधे आणि विषे माहीत असू शकतात जी नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत, बाकीची परिस्थिती एकाच दिशेने बोट दाखवत असेल तर न्यायालय ती बघू शकते.

पण तिसरे न्यायमूर्ती सरकार यांचे मत वेगळे पडले. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे मतही विसरून चालत नाही. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही, तसाच तो ‘होते पण सापडले नाही’ असाही होत नाही. अहवाल गप्प असतो, एवढेच. लागूंना शिक्षा झाली ती खोटे नाव, बनावट पत्रे आणि वळवलेले पैसे यांनी. व्हिसेऱ्याने नव्हे. आजही कोरा अहवाल आला म्हणून ‘नक्कीच घातपात’ असे व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

एसटी स्टँडवरची हाक

शोधमर्यादा म्हणजे काय ते समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा. गाड्यांचे हॉर्न, चौकशी खिडकीचा भोंगा, वडापाववाल्याची आरोळी. एवढ्या गोंगाटात पलीकडच्या फलाटावरून कोणी हाक मारली. हाक हळू असेल तर कानावर येतच नाही. थोडी मोठी असेल तर ‘कोणीतरी हाक मारतंय’ एवढे कळते, पण काय म्हणतोय ते कळत नाही. आणखी मोठी असेल तर शब्दही कळतात.

यंत्राचेही असेच आहे. काहीच नसलेला नमुना यंत्रात घातला तरी काटा अगदी शून्यावर थांबत नाही, थोडा वरखाली होत राहतो. ही यंत्राची आणि नमुन्याची खरखर. खऱ्या पदार्थाचा आवाज या खरखरीपेक्षा ठळक असेल तरच ‘आहे’ म्हणता येते. व्यवहारात साधारण तिप्पट ठळक असेल तर ‘सापडले’ म्हणतात. ही शोधमर्यादा, प्रयोगशाळेच्या भाषेत एलओडी. साधारण दहापट ठळक असेल तर ‘किती आहे’ तो आकडा भरवशाने देता येतो. ही मापनमर्यादा, म्हणजे एलओक्यू. या दोन्हींच्या मध्ये एक अंधुक पट्टा असतो, तिथे पदार्थ आहे असे म्हणता येते, पण आकडा सांगता येत नाही. अशा वेळी अहवालात ‘अंशमात्र’ किंवा ‘मापनमर्यादेखाली’ असे काहीतरी लिहितात.

एक गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही. समजा एखाद्या नमुन्यात पदार्थ बरोबर त्या तिप्पटीच्या रेषेवर आहे. खरखर कधी त्याला वर ढकलते, कधी खाली. तोच नमुना शंभर वेळा तपासला तर साधारण पन्नास वेळा ‘सापडले’ येईल आणि पन्नास वेळा ‘नाही’. म्हणजे चूक कोणाचीही नसताना दोन प्रयोगशाळांचे, किंवा एकाच प्रयोगशाळेचे दोन दिवसांचे, निकाल उलटे येऊ शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले लॉइड करी यांनी १९६८ मध्ये हा घोळ नीट उलगडून दाखवला. ‘आहे असे कधी म्हणायचे’ ती रेषा वेगळी, आणि ‘इतके असेल तर आम्ही ते सहसा हुकवणार नाही’ ती रेषा वेगळी, तिच्याही वर.

संवेदनशीलता हा शब्द याच संदर्भात येतो, आणि त्याची शोधमर्यादेशी गल्लत होते. पदार्थ जरासा वाढला की काटा किती हलतो, ती संवेदनशीलता. भुईकाट्यावर पाच किलोने काही फरक दिसत नाही, सोनाराच्या काट्यावर तांदळाचा दाणाही दिसतो. पण सोनाराचा तोच काटा वाऱ्यात नेऊन ठेवला तर? संवेदनशील तो अजूनही आहे, मात्र सारखा थरथरतोय, त्यामुळे बारीक वजन कळणार नाही. नुसते महाग आणि संवेदनशील यंत्र असून भागत नाही, खरखरही कमी लागते. रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे.

सोमल ओळखायला कोर्टात हसे झाले

या शास्त्राला धक्का दिला तो एका फसलेल्या खटल्याने. इंग्लंडमध्ये १८३२ साली जॉन बोडल या तरुणावर आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा आरोप आला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने तपासणी केली, पिवळा साका मिळाला, सोमल आहे हे त्याला दिसले. पण खटला उभा राहीपर्यंत तो साका खराब होऊन गेला. ज्युरीला काही पटले नाही आणि बोडल सुटला. नंतर त्याने खून कबूल केला.

मार्श चिडून कामाला लागला आणि १८३६ मध्ये त्याने नवी पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचे, निघणारा वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड काच धरायची, काचेवर आरशासारखा काळा-चंदेरी डाग पडला की सोमल. एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग सोमलही तिला दिसत असे. त्या काळाच्या मानाने ही मोठी झेप होती.

आणि लगेच नवी अडचण आली. पद्धत इतकी तीक्ष्ण झाली की बाजारातल्या जस्तात आणि आम्लात मुळात असलेला सोमलही तिला दिसू लागला. मयताच्या पोटात काही नसतानाही डाग पडायचा. म्हणून आधी नमुना न घालता नुसती रसायने तपासून बघायची, डाग येत नाही याची खात्री करायची, मगच नमुना घालायचा, असा दंडक आला. याला कोरा नमुना म्हणतात. पद्धत जितकी बारीक बघणारी, तितकी कोऱ्या नमुन्याची गरज जास्त.

हा दंडक आपल्या तालुक्याच्या शवविच्छेदनगृहातही आहे, फक्त लोकांना माहीत नसतो. व्हिसेरा सहसा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घालायचे, म्हणजे अवयव कुजत नाहीत. फॉर्मालिन चालत नाही, कारण त्याने विषाची तपासणी बिघडते. बरण्यांबरोबर एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याचीही पाठवायची असते. उद्या कोणी म्हणाले, ‘विष मिठातच होते,’ तर त्याला उत्तर म्हणून. रक्ताच्या नमुन्यात सोडियम फ्लोराइड घालतात. सील तुटलेले, बरणी गळकी, कोरी बाटली नाही, अशी एकेक उणीव अहवालाची ताकद कमी करत जाते. मग पुढे कितीही भारी यंत्र असो.

ठिपक्यापासून यंत्रापर्यंत

व्हिसेऱ्यातून विष शोधणे म्हणजे आधी ते अवयवातून वेगळे काढणे. यकृताचा तुकडा वाटून, द्रावकात घोळून, चरबी आणि प्रथिने बाजूला करून जे उरते ते तपासायचे. या धुण्या-गाळण्यात थोडे विष वाया जातेच. म्हणून शुद्ध पाण्यात एखाद्या पद्धतीची शोधमर्यादा जी असते ती यकृतात राहत नाही, ती वर जाते. जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष नमुन्यातला आकडा यांत हा फरक पडतो.

आपल्याकडे अनेक वर्षे पहिली चाचणी पातळ थराची राहिली आहे. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर, खाली नमुन्याचा ठिपका, पट्टी द्रावकात उभी केली की वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढतात. मग वरून रसायन फवारले की कीटकनाशकाचा रंगीत ठिपका उमटतो. महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळांतल्या तज्ज्ञांनी मोनोक्रोटोफॉससारख्या आपल्या शेतात वापरल्या जाणाऱ्या औषधांसाठी अशी खास फवारणी-रसायने शोधून ती परदेशी शास्त्रीय नियतकालिकांत छापून आणली आहेत. स्वस्त आणि भरवशाची पद्धत. पण ठिपका डोळ्यांना दिसायला पट्टीवर साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, पदार्थ लागतो. वस्तुमान-वर्णपटमापी जोडलेली आधुनिक यंत्रे त्याच्या हजारपट कमी आणि त्याहूनही कमी पदार्थ ओळखतात.

मग सगळे नमुने त्याच यंत्रात का घालत नाहीत? नमुने प्रचंड, यंत्रे मोजकी, आणि यंत्रालाही काय शोधायचे ते सांगावे लागते. इथे तपास अधिकाऱ्याच्या पत्राला किंमत येते. शेतात कोणत्या औषधाचा डबा सापडला, दवाखान्यात काय लक्षणे होती, किती तासांनी मृत्यू झाला, उलटी झाली होती का, दवाखान्यात पोट धुतले होते का, हे लिहिलेले असेल तर प्रयोगशाळा योग्य पद्धत निवडू शकते. ‘विष आहे किंवा कसे ते कळवावे’ एवढ्या एका ओळीवर चाळणीच्या नेहमीच्या चाचण्या होतात. दवाखान्यात चार-पाच दिवस उपचार झाले असतील तर शरीराने बरेचसे विष मोडलेले असते आणि अहवाल कोरा येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी दाखल करतानाच घेतलेले रक्त आणि पोट धुतलेले पाणी राखून ठेवले असेल, तर त्याचे मोल व्हिसेऱ्यापेक्षा जास्त.

सापाच्या विषाचे तर वेगळेच. ते प्रथिन असते. कीटकनाशके शोधणाऱ्या नेहमीच्या रासायनिक चाचण्यांत ते दिसत नाही, त्याला वेगळी प्रतिकारद्रव्यांची चाचणी लागते. म्हणून सर्पदंशाने गेलेल्या माणसाच्या व्हिसेऱ्यात ‘विष आढळले नाही’ असे आले, तर त्यावरून साप चावला नव्हता असे ठरवणे चूक आहे. शवविच्छेदनातली दंशाची खूण आणि दवाखान्याचे कागद तिथे बोलतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात, सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा दोन्ही त्यात येतात. प्रस्ताव करणाऱ्या कुटुंबाने हे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.

द्राक्षाचा कंटेनर आणि न शोधलेले औषध

शोधमर्यादेने पोट मारले गेल्याचे मोठे उदाहरण द्राक्ष बागायतदारांना पाठ आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. वेलीची शाकीय वाढ रोखायला वापरतात ते, बागायतदारांच्या तोंडी ‘लिहोसिन’. युरोपात टेबल द्राक्षांवर या रसायनाला परवानगी नव्हती, त्यामुळे तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे प्रयोगशाळेला भरवशाने मोजता येईल तेवढीच. माल अडकला, परत आला, नाशिक-सांगलीकडचे शेतकरी आणि निर्यातदार मोठ्या तोट्यात गेले.

या द्राक्षांची निघण्यापूर्वी तपासणी झाली नव्हती का? झाली होती. अपेडाच्या ग्रेपनेट व्यवस्थेत नमुने तपासूनच माल जात होता. पण तपासायच्या रसायनांच्या तेव्हाच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हते. शिवाय एका दमात शेकडो कीटकनाशके शोधणाऱ्या पद्धतीत ते पकडले जात नाही, त्याची रासायनिक ठेवणच वेगळी, त्याला स्वतंत्र पद्धत लागते. जे शोधायलाच घेतले नाही ते ‘सापडले नाही’ यात नवल काय? त्यानंतर ते यादीत आले आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या तपासणीचा भाग झाले.

ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. हिशेब करून बघा : १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. सात-आठ कंटेनरमध्ये चिमूटभर. शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवाऱ्याचा तुषार, नीट न धुतलेला ब्लोअर, एवढ्यानेही नमुना फेल होऊ शकतो. यंत्रे बारीक बघू लागली तशी कायद्याची रेषाही खाली सरकत गेली. यात नेहमी आरोग्याचाच प्रश्न असतो असे नाही, आणि ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही.

विहिरीचे पाणी, थुंकीची तपासणी

हाच हिशेब रोजच्या कागदांनाही लावता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. समजा ग्रामपंचायतीच्या पाणी अहवालात शिशापुढे ‘एनडी’, म्हणजे आढळले नाही, असे लिहून आले आणि त्या पद्धतीची मापनमर्यादा ०.०५ असेल. म्हणजे मर्यादेच्या चौपट शिसे पाण्यात असले तरी अहवाल ‘एनडी’च सांगणार. कागद खरा आहे, पण कामाचा नाही. पाऱ्याची मर्यादा तर ०.००१. तिथे पद्धत किती खाली बघू शकते हे विचारल्याशिवाय अहवालाला अर्थ नाही.

जिवाणूंचेही तेच. मानक म्हणते, १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आढळता कामा नये. गावपातळीवर जी काळी पडणारी बाटली वापरतात, त्यातल्या काहींत २० मिलीच पाणी मावते. १०० मिलीत एकच जंतू असेल तर तो नेमका त्या २० मिलीत येण्याची शक्यता पाचात एक. बाटली काळी पडली तर पाणी खराब, हे नक्की. नाही पडली तर लगेच निश्चिंत होऊ नये, विशेषतः पावसाळ्याच्या सुरुवातीला. पुन्हा नमुना घ्यावा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा.

जिवावर बेतणारे उदाहरण क्षयरोगाचे. थुंकीची काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्या पद्धतीला एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, तेव्हा कुठे ते नजरेला पडतात. त्याखाली असले की ‘निगेटिव्ह’. माणूस खोकत राहतो, घरात पोरांना लागण होत राहते आणि खिशात निगेटिव्हचा कागद. सीबीनॅट या जनुकीय चाचणीला मिलिलिटरला सुमारे १३० जंतूही पुरतात. तशाच प्रकारची ट्रूनॅट चाचणी तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळी कणकण असेल आणि नुसत्या काचेवर निगेटिव्ह आले असेल, तर सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून मागावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते. नमुनाही महत्त्वाचा : खोलवरून खोकून काढलेला बेडका हवा. लाळ दिली तर सगळ्यात बारीक बघणारे यंत्रही निगेटिव्हच सांगेल.

अहवाल हातात आला की

कोणताही अहवाल, पाण्याचा असो, मातीचा, द्राक्षाचा की व्हिसेऱ्याचा, ‘आढळले नाही’ या शब्दांपाशी थांबू नका. शेजारी एलओडी किंवा एलओक्यूचा रकाना आहे का ते बघा. चांगल्या प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘०.०१ पेक्षा कमी’ असा आकडा देतात. तो आकडा कायद्याच्या मर्यादेपेक्षा खाली असेल तरच अहवाल उपयोगाचा. रकाना नसेल तर प्रयोगशाळेला विचारा, पैसे भरून तपासणी करून घेणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क आहे. काय काय शोधले त्याची यादी मागा. नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, या दोन तारखांमधले अंतर बघा.

व्हिसेऱ्याच्या बाबतीत अहवाल पोलिसांकडे आणि तिथून न्यायालयात जातो. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून थेट वाचला जातो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३ त्यासाठी होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ आहे. त्याच कलमात न्यायालयाला त्या तज्ज्ञाला बोलावून प्रश्न विचारण्याचाही अधिकार आहे. कोणती पद्धत वापरली, ती किती खालपर्यंत बघू शकते, कोणती विषे शोधलीच नाहीत, कोऱ्या मिठाच्या पाण्याची बाटली आली होती का, हे प्रश्न वकिलामार्फत तिथे विचारता येतात.